कुत्र्याची जात आणि कुत्र्याचा धनी

शेतकऱ्याच्या गोतावळ्यांत बैलाचें नांव पहिलें घेतलें जातें, गाईम्हशींचें त्याखालोखाल, आणि कुत्र्याचें बहुधा कोणी घेतच नाहीं. खळ्यावर रात्रभर जागणारें, शेळ्यांमागें रानांत जाणारें, चिकूच्या वाडींत परक्या माणसाची चाहूल प्रथम घेणारें हें जनावर मोल देऊन आणलेलें नसतें. म्हणून त्याचा हिशेबही कोणी ठेवीत नाहीं. परंतु डहाणू व तलासरी तालुक्यांत आतां पूर्वींची स्थिति राहिलेली नाहीं. घोलवड-बोर्डीच्या किनाऱ्यालगत आणि मुंबई-अहमदाबाद हमरस्त्याच्या बाजूस बंगले व विश्रांतिगृहें झालीं, वाड्यांना तारेचीं कुंपणें आलीं, आणि गांवठी कुत्र्याच्या जोडीला रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, क्वचित् पिटबुल अशीं विकत आणलेलीं परदेशी जातींचीं कुत्रींही राखणीस बसूं लागलीं. कांहीं जातींच्या कुत्र्यांवर कायद्यानें बंदी घालावी कीं नाहीं, हा जो वाद देशांत चालला आहे, तो शहरवासीयांचा म्हणून आपणांस सोडून देतां येणार नाहीं. त्या वादाची हकीकत सांगून आपल्या भागानें त्यांतून काय घ्यावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

पत्रकाची हकीकत

ता. १२ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय खात्यानें सर्व राज्यांस एक पत्रक धाडलें. तेवीस जातींचीं कुत्रीं मनुष्यजीवितास धोक्याचीं आहेत, सबब त्यांची आयात, पैदास व विक्री यांस परवाने देऊं नयेत, आणि जीं आधींच पाळलेलीं आहेत त्यांचें निर्बीजीकरण करून पुढील पैदास थांबवावी, असा त्याचा मतलब होता. यादींत पिटबुल टेरियर, रॉटवायलर, तोसा इनू, डोगो आर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो, केन कोर्सो, बोअरबोएल, कांगाल, आकबाश वगैरे नांवें होतीं. याचें मूळ दिल्ली उच्च न्यायालयांत होतें. अशा कुत्र्यांविषयीं आलेल्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय करावा, असें त्या न्यायालयानें ६ डिसेंबर २०२३ रोजीं सरकारास सांगितलें होतें.

पत्रक निघालें तशा हरकतीही निघाल्या. कर्नाटक उच्च न्यायालयानें १० एप्रिल २०२४ रोजीं तें रद्द ठरविलें आणि त्याच महिन्यांत दिल्ली उच्च न्यायालयानेंही तें बाजूस सारलें. ज्यांचा या गोष्टीशीं संबंध येतो त्यांचें म्हणणें ऐकून न घेतां असा सरसकट हुकूम काढणें योग्य नव्हे, हें त्यांतील मुख्य कारण होय. यामुळें त्या पत्रकाच्या जोरावर कोणाच्या कुत्र्यावर कोणास हात टाकतां येत नाहीं. तथापि वाद मिटला नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें गोव्यांत हणजूण येथें पिटबुलच्या हल्ल्यांत सात वर्षांचें मूल दगावलें, तेव्हां तेथेंही बंदीची मागणी जोरानें पुढें आली.

लोकांस न विचारतां कुत्र्यांविषयीं हुकूम काढला म्हणजे काय होतें, याचा दाखला मुंबईच्या इतिहासांत आहे. १८३२ सालच्या जून महिन्यांत कंपनी सरकारच्या हुकुमानें मुंबई शहरांत मोकाट कुत्रीं मारण्याचें काम चाललें होतें व मारणारास कुत्र्यामागें इनाम मिळत असे. इनामाच्या लोभानें पाळलेलीं कुत्रींही पकडलीं जाऊं लागलीं. पारशी धर्मांत कुत्र्यास मोठा मान आहे. मृताच्या देहास कुत्र्याची दृष्टि घडविण्याचा सगदीद नांवाचा विधि त्यांच्यांत आहे. त्या समाजाच्या भावना दुखावल्या, दुकानें बंद पडलीं आणि शहरांत दंगल उसळली. घोलवड-डहाणूच्या पारशी व इराणी बागाईतदारांस ही हकीकत सांगावयास नको.

दोन्ही बाजूंचें म्हणणें

बंदी मागणारांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें मुळींच नाहीं. पिटबुलसारख्या जाती झुंजीसाठीं निवडून वाढविलेल्या आहेत. गांवठी कुत्रें बहुधा पोटरीस दांत लावून मागें सरतें. भक्कम जबड्याच्या वजनदार कुत्र्यानें एकदां धरलें म्हणजे सुटका कठीण, आणि लहान मुलाचा तर त्यापुढें कांहींच उपाय चालत नाहीं. शिवाय कुत्रें कसें वाढविलें आहे हें शेजाऱ्यास दिसत नाहीं, जात मात्र दिसते. म्हणून जातीवरच बंदी घालावी, म्हणजे अनर्थ घडण्याची वाट पाहावी लागणार नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ब्रिटननें याच विचारानें १९९१ सालीं कायदा करून पिटबुल टेरियर, तोसा, डोगो आर्जेंटिनो व फिला ब्राझिलेरो या चार जातींवर निर्बंध घातले. पुढें एक्सएल बुली या प्रकाराची त्यांत भर पडली, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतीच्या दाखल्यावांचून तसें कुत्रें बाळगणें इंग्लंड व वेल्समध्यें गुन्हा ठरलें.

उलट बाजूचे दाखलेही आहेत. हॉलंडांत १९९३ पासून पिटबुलवर बंदी होती. चाव्यांचें प्रमाण तिनें कमी झालें नाहीं असें पाहून २००८ सालीं तेथील सरकारनें ती उठविण्याचें ठरविलें. इटलीनें २००९ सालीं जातींची यादी काढून टाकली आणि धन्याच्या जबाबदारीवर भर दिला. अमेरिकेंत अठरा हजारांवर पाळीव कुत्र्यांच्या धन्यांस प्रश्न विचारून व दोन हजारांवर कुत्र्यांचें आनुवंशिक द्रव्य तपासून २०२२ सालीं एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका कुत्र्याच्या व दुसऱ्या कुत्र्याच्या वागणुकींत जो फरक असतो, त्यांतील शेंकडा नऊइतकाच भाग जातीवरून सांगतां येतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा अभ्यास वागणुकीचा आहे, जखमेच्या खोलीचा नव्हे, हें मात्र विसरूं नये. कमी वेळां चावणारें पण मोठ्या जबड्याचें जनावर एका चाव्यांत जें नुकसान करतें, त्याचें माप या आंकड्यांत येत नाहीं.

शेतकऱ्याच्या नजरेनें

जातीचा कांहींच परिणाम नसतो, हें बोलणें शेतकऱ्यास पटणार नाहीं आणि पटूंही नये. खिलार बैल चपळ व तापट, डांगी बैल मुसळधार पावसांत व चिखलांत टिकणारा, हें आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलों आहों. खाण तशी माती, ही म्हण उगीच पडलेली नाहीं. परंतु तोच शेतकरी हेंही जाणतो कीं, एकाच गोठ्यांतील दोन खिलार खोंडांपैकीं एक पोराच्या हातीं निमूट चालतो व दुसरा मारका निघतो. मारका बैल निघाला म्हणून खिलार जातच बाजारांतून उठवा, असें कोणी म्हणत नाहीं. त्या बैलाच्या तोंडास मुसकें बांधतात, त्याच्याजवळ मुलांस फिरकूं देत नाहींत, आणि त्यानें कोणास मारलें तर त्याच्या धन्यास जाब विचारतात. कुत्र्याच्या बाबतींतही हाच व्यवहार अधिक शहाणपणाचा आहे, असें आमचें मत आहे.

केंद्राच्या यादीकडे या नजरेनें पाहिलें तर तिच्यांतील दोष ध्यानांत येतात. तिच्यांत टेरियर व मॅस्टिफ अशीं मोघम नांवें आहेत. त्यांच्या पोटांत लहान-मोठ्या अनेक जाती येतात. कांगाल व आकबाश हीं तुर्कस्थानच्या मेंढपाळांचीं कुत्रीं आहेत. लांडग्यांपासून कळप राखण्यासाठींच त्यांची पैदास झाली. झुंजीचें कुत्रें व कळपाचें राखणदार कुत्रें यांस एकाच तराजूंत घालणारी यादी पशुपालकाच्या उपयोगाची नव्हे. सर्वांत मोठी अडचण संकराची आहे. वाडींतील रॉटवायलर नर रात्रीं मोकळा सुटतो, गांवांतील कुत्रीशीं त्याचा संयोग होतो, आणि पुढील वेतांत पांच-सहा पिल्लें निपजतात. त्यांचें बळ बापाचें, रूप आईचें, आणि धनी कोणीच नाहीं. या पिल्लांचें नांव कोणत्या यादींत शोधावयाचें? बंदीचा कागद दारीं येईपर्यंत तीं गांवभर झालेलीं असतात. निर्बीजीकरणाचा आग्रह त्या पत्रकांत होता, तेवढा मात्र उचलण्यासारखा आहे. तो तेवीस जातींपुरता न ठेवतां राखणीच्या प्रत्येक कुत्र्यास लागू केला पाहिजे.

आपला खरा धोका

डहाणू-तलासरींत कुत्र्यापासून जीवितास जो सर्वांत मोठा धोका आहे तो पिसाळण्याच्या रोगाचा, म्हणजे रेबीजचा होय, आणि हा रोग जात पाहून होत नाहीं. मनुष्यास होणाऱ्या रेबीजपैकीं शेंकडा नव्याण्णवपर्यंत प्रकार कुत्र्यापासून होतात. जगांत या रोगानें दगावणाऱ्यांपैकीं सुमारें शेंकडा छत्तीस हिंदुस्थानांत दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी वांचत नाहीं असेंच म्हटलें पाहिजे. मात्र चावल्याबरोबर योग्य उपचार झाले तर रोग टळतो. गांवांतील शेंकडा सत्तर कुत्र्यांस लस टोंचली तर कुत्र्यांतील साथ तुटते, असा अनुभव आहे. २०३० पर्यंत कुत्र्यापासून होणारा रेबीज नाहींसा करण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारनें २०२१ सालीं जाहीर केला आहे. कोणत्याही जातीच्या यादीपेक्षां या सत्तरांची भरती आपल्या गांवीं अधिक जीव वांचवील.

हा धोका कोणाच्या वांट्यास येतो, तेंही स्पष्ट बोललें पाहिजे. आपल्या वाड्यांत चिकू उतरविण्यास व भाताच्या लावणीस येणारीं वारली, कोंकणा, धोडिया कुटुंबें पहांटे पायीं येतात. त्यांची पायवाट बहुधा आपल्या कुंपणालगत असते. आश्रमशाळेंत जाणारीं मुलेंही त्याच वाटेनें जातात. रात्रीं राखणीस सोडलेलें कुत्रें पहांटे बांधावयाचें राहिलें, तर त्याची किंमत धनी देत नाहीं. उघड्या पायानें चालणारें माणूस देतें. लशीसाठीं दवाखान्याच्या फेऱ्या म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडणें. ती बुडूं नये म्हणून पुढच्या फेऱ्या टळतात, आणि टळलेली फेरी कधीं कधीं जिवावर बेतते. चोराचिलटाच्या भयानें कुत्रें ठेवावें लागतें हें खरें. परंतु राखणीच्या कुत्र्याचें काम भुंकून धन्यास उठविणें हें आहे, वाटसरूस फाडणें हें नव्हे.

कायदाही धन्यासच धरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वयें, आपल्या ताब्यांतील जनावरापासून मनुष्यास धोका पोंचूं नये अशी पुरेशी तजवीज जाणूनबुजून अथवा हयगयीनें न करणारास सहा महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. या कलमांत कुत्र्याची जात विचारलेली नाहीं. गांवठी कुत्र्याचा धनी व रॉटवायलरचा धनी त्याच्यापुढें सारखेच आहेत.

मोकाट कुत्र्यांची गोष्ट निराळी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणें त्यांचें निर्बीजीकरण व लसीकरण करण्याची जबाबदारी नगरपालिका व पंचायती अशा स्थानिक संस्थांवर आहे. सर्वोच्च न्यायालयानें २२ ऑगस्ट २०२५ रोजीं, अशीं कुत्रीं उपचारानंतर मूळ जागीं सोडावींत, मात्र पिसाळलेलीं व हल्ला करणारीं सोडूं नयेत, असें सांगितलें. आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं शाळा, रुग्णालयें, बस व रेल्वे स्थानकें यांच्या आवारांतील मोकाट कुत्रीं हलवून तीं पुन्हां तेथें न सोडण्याचा हुकूम दिला. यावरूनही दिसेल कीं, कायद्याचा रोंख कुत्र्याच्या कुळाकडे नसून त्याच्या वागणुकीकडे व जागेकडे वळत आहे.

कुत्रें पाळण्याची रीत

पिल्लूं तीन महिन्यांचें झालें म्हणजे रेबीजची पहिली लस टोंचवावी व पुढें दरसाल पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें टोंचवीत जावी. टोंचणीचा दाखला जपून ठेवावा. जंताचें औषध वेळोवेळीं द्यावें. पैदास करावयाची नसेल तर निर्बीजीकरण करून घ्यावें. त्यामुळें नराचें रात्रींचें भटकणें व झोंबाझोंबी बरीच कमी होते.

दिवसभर आंखूड सांखळीस बांधलेलें कुत्रें चिडखोर बनतें. कुंपणाच्या आंत त्यास मोकळें फिरावयास जागा द्यावी, फाटकास कडी असावी, आणि तारेखालीं बीळ पडलें असल्यास तें बुजवावें. पिल्लूं असतांनाच घरचीं मुलें, गडीमाणसें व शेळ्यामेंढ्या यांची त्यास संवय लावावी. कुत्र्यास माणसाच्या आंगावर छू करण्याचा खेळ कधींही करूं नये. थट्टेंत शिकविलेलें तें खरोखरीच्या वेळीं विसरत नाहीं. पूर्वीं एकदां चावलेलें कुत्रें बाहेर नेतांना मुसकें बांधूनच न्यावें.

परदेशी जातीचें कुत्रें घेण्यापूर्वीं त्याचा खर्च व आपली हवा यांचा विचार करावा. दाट केसांच्या थंड मुलखांतील जातींस आपल्या किनाऱ्यावरील दमट उन्हाळा मानवत नाहीं. गांवठी कुत्रें या हवेंत मुरलेलें, थोड्या अन्नावर राहणारें व जागतें असतें. तसेंच जेथें बिबट्याचा वावर आहे तेथें रात्रीं कुत्रें उघड्यावर सोडणें म्हणजे त्यास आमंत्रण देणें होय. अहमदनगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरमधील, अकोलें भागांत बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हां त्याच्या भक्ष्यांत वजनाच्या मानानें कुत्र्यांचाच वांटा सर्वांत मोठा, सुमारें शेंकडा एकुणचाळीस, आढळला. रात्रीं कुत्र्यास पडवींत अथवा जाळीच्या खोपींत ठेवावें. भुंकण्यास तेथूनही हरकत येत नाहीं.

चावा झाल्यास

कुत्रें कोणत्याही जातीचें असो, ओळखीचें असो वा नसो, जखम प्रथम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटेंपर्यंत धुवावी. तिखट, चुना, हळद, तेल यांपैकीं कांहींही लावूं नये. भगताकडे जाण्याची श्रद्धा असेल तर त्यास विरोध करीत न बसतां, आधीं दवाखाना मग भगत, एवढें मात्र ठाम सांगावें. डहाणू व कासा येथील उपजिल्हा रुग्णालयें अथवा तलासरीचें ग्रामीण रुग्णालय यांपैकीं जें जवळ असेल तेथें त्याच दिवशीं जावें. कातडींत टोंचावयाच्या लशीच्या फेऱ्या पहिल्या दिवसास शून्य धरून त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीं येतात. त्यांतील एकही चुकवूं नये. रक्त निघालेलें असेल तर जखमेंत इम्युनोग्लोब्युलिन टोंचावें लागतें. त्याविषयीं डॉक्टरांस विचारावें. कुत्रें सांपडल्यास त्यास न मारतां बांधून दहा दिवस नजरेखालीं ठेवावें. पण त्या दहा दिवसांची वाट पाहून लस थांबवूं नये.

गुरांविषयीं एक इशारा अगत्याचा आहे. गाय, बैल वा म्हैस एकाएकीं लाळ गाळूं लागली, गिळेनाशी झाली, घोगऱ्या आवाजानें हंबरूं लागली, तर घशांत कांहीं अडकलें असें समजून तोंडांत हात घालण्याची संवय आपल्यांत आहे. तो रेबीजही असूं शकतो. हात घालूं नये, जनावर दूर बांधावें, त्याचें दूध वापरूं नये, व पशुवैद्यास बोलवावें.

ग्रामसभेपुढें मांडावयाची गोष्ट

आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रांत मोडतात व येथील ग्रामसभेस पेसा कायद्यानें विशेष स्थान आहे. देशाच्या यादीचा निकाल कसाही लागो, आपल्या गांवचा नियम आपणांस आजच करतां येईल. आमची सूचना अशी: प्रत्येक पाळीव कुत्र्याची, जात कोणतीही असो, ग्रामपंचायतींत नोंद व्हावी व नोंदीस लशीचा दाखला जोडावा, पहांटे मजुरांची व शाळेची वेळ होण्यापूर्वीं राखणीचें कुत्रें आंत घ्यावें, कुत्रें चावल्यास दवाखान्याचा खर्च व बुडालेली मजुरी धन्यानें द्यावी, दुसऱ्यांदां चावल्यास तें कुत्रें मुसक्यावांचून मोकळें दिसूं नये, आणि वर्षांतून एकदां सर्व कुत्र्यांच्या लशीचा दिवस पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीनें ठरवावा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे. तो दिवस सोयीचा पडेल. ज्यांची जमीन मोठी व कुत्रीं अधिक, त्यांनीं गांवांतील बिनधन्याच्या कुत्र्यांच्या लशीसही हातभार लावावा. कारण त्यांतील कित्येकांचा बाप आपल्याच वाडींतून सुटलेला असतो.

बंदीचा वाद न्यायालयांत व विधिमंडळांत चालत राहील, आणि जेव्हां हरकती मागविल्या जातील तेव्हां शेतकऱ्यांनींही आपलें म्हणणें लेखी कळवावें. तोंवर आमच्या वाचकांनीं एवढें करावें: आज सायंकाळीं आपल्या कुत्र्याच्या लशीची तारीख पाहावी, आणि उद्यां पहांटे मजूर वाटेला लागण्यापूर्वीं फाटकाची कडी लागली आहे कीं नाहीं, तें स्वतः जाऊन पाहावें.